चार कोअर असून लिनक्सला एकच दिसतो, तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या अण्णांचं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. फाउंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न करतात. टेबलावर एक सेकंडहँड डेस्कटॉप, त्यावर उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि त्यात ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड. जूनमध्ये त्यांचा फोन आला.

"अरं, मशीन लईच दमाय लागलंय बघ. ड्रॉइंग उघडलं की माऊस बी हलंना."

"अण्णा, मशीन बंद करून चालू केलं का?"

"केलं की. बटण दाबून धरतो, धा मोजतो, मग बंद हुतंय. ते पहिल्यापासनंच तसं हाय."

हे बटणाचं वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. ते केलं नसतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता, पण त्याकडे नंतर येतो. प्रोसेसर होता इंटेलचा कोअर आय-५ २४००. २०११ चा, म्हातारा, पण पुरे चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये स्वतंत्र काम करणारे चार भाग. सिस्टीम मॉनिटर उघडून 'रिसोर्सेस'मध्ये सीपीयूच्या रेघा किती दिसतात ते बघायला सांगितलं. एकच रेघ, आणि ती कायम वरच्या टोकाला चिकटलेली. एका माणसाकडून "प्रोसेसर गेलाय, नवंच घ्या" असा सल्लाही अण्णांना मिळून चुकला होता.

तर अशी वेळ आली की काय करायचं, ते लिनक्स नव्यानं वापरणाऱ्यांसाठी क्रमानं सांगतो. आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चारपैकी तीन कोअर जळाले आणि उरलेल्या एकावर मशीन निवांत चालतंय, असं मी आजवर पाहिलेलं नाही. चिप बिघडली की मशीन सहसा चालूच होत नाही, नाहीतर मध्येच गोठतं. नुसता आकडा कमी दिसत असेल तर तो कुठल्यातरी सेटिंगनं अडवलेला असतो.

गुऱ्हाळातून गुळाचे शंभर रवे निघाले आणि मार्केट यार्डात नव्वदच उतरले, तर आपण गुऱ्हाळाला आग लावत नाही. गाडीत भरताना किती मोजले, काट्यावर किती, उतरताना किती, हे विचारत जातो. इथंही तसंच. कोअरचा आकडा चार हातांतून जातो: चिप, मग बायोस (मशीन चालू होताना बोर्डावर आधी उठणारा प्रोग्राम), मग कर्नल (लिनक्सचा गाभा), आणि शेवटी तुमचा प्रोग्राम. कुठल्या हातात आकडा बदलला ते शोधायचं. ते सापडेपर्यंत काही बदलायचं नाही, लिनक्स पुन्हा टाकायचं तर मुळीच नाही.

कमांड कशा वाचायच्या

खालच्या कमांड मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. सुडो म्हणजे एस यू डी ओ (पुढची कमांड मशीनच्या मालकाच्या हक्कानं चालवतो), कॅट म्हणजे सी ए टी, ग्रेप म्हणजे जी आर ई पी, इको म्हणजे ई सी एच ओ. प्रोक म्हणजे पी आर ओ सी, सिस म्हणजे एस वाय एस, ईटीसी ही तीन सुटी अक्षरं. उभी रेघ बहुतेक कीबोर्डांवर एंटरच्या वर, शिफ्ट धरून मिळते. फाइलचा लांब रस्ता टाइप करताना दोन-तीन अक्षरं झाली की टॅब दाबा, उरलेलं नाव मशीन स्वतः पुरं करतं. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या एका बटणानं टळतात.

आधी बघा, मुळात असायला हवेत किती

बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात. राजारामपुरीतली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली होती. "दादा, आय-५ आहे म्हणून घेतला, आणि लिनक्स दोनच कोअर दाखवतंय." प्रोसेसर होता आय-५ ७२००यू. त्यात कोअर दोनच असतात. आय-५ म्हणजे चार, आय-७ म्हणजे आठ, हे गणित दुकानाच्या पाटीवरचं आहे, इंटेलचं नाही. त्याच्या पुढच्या पिढीतल्या ८२५०यू मध्ये मात्र चार कोअर आहेत. नाव एकच, माल वेगळा.

दुसरा घोळ कोअर आणि थ्रेडचा. हायपर-थ्रेडिंग असलेला एक कोअर लिनक्सला दोन सीपीयू, म्हणजे दोन थ्रेड, म्हणून दिसतो. एकाच आचाऱ्यानं दोन शेगड्या सांभाळाव्यात तसं ते असतं. काम थोडं जास्त होतं, आचारी काही दोन होत नाहीत. म्हणून आय-३ २१०० वर चार सीपीयू दिसतात, पण कोअर दोन. आणि अण्णांच्या आय-५ २४०० मध्ये हायपर-थ्रेडिंगच नाही, तिथं चार म्हणजे चारच.

तुमचं मॉडेल बघायला:

एलएससीपीयू

एल, एस, सी, पी, यू ही पाच अक्षरं सलग, मध्ये जागा नाही. 'मॉडेल नेम' या ओळीत पूर्ण नाव येतं. शेवटचं अक्षर धरून ते नाव तसंच्या तसं उतरवा आणि इंटेल किंवा एएमडीच्या अधिकृत पानावर त्याचे कोअर आणि थ्रेड बघा. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब याच कागदाशी ताडायचा आहे.

मग बघा, लिनक्स किती मोजतंय

त्याच कमांडच्या उत्तरात आणखी चार-पाच ओळी कामाच्या आहेत. 'सीपीयूज' म्हणजे एकूण. 'ऑनलाइन सीपीयूज लिस्ट' म्हणजे सध्या कामावर असलेले. इथं ०-३ असं दिसलं तर ते तीन नव्हेत, चार आहेत, कारण मोजणी शून्यापासून होते. 'ऑफलाइन' अशी वेगळी ओळ दिसली तर ती ठळक खूण समजा. 'थ्रेड पर कोअर', 'कोअर पर सॉकेट' आणि 'सॉकेट' या तिघांचा गुणाकार साधारणपणे एकूण आकड्याएवढा येतो. साधारणपणे म्हटलं, कारण बाराव्या पिढीपासूनच्या इंटेलमध्ये दोन जातीचे कोअर एकत्र येऊ लागले. आय-५ १२३५यू मध्ये दोन मोठे आणि आठ छोटे कोअर, मोठ्यांना दोन-दोन थ्रेड, छोट्यांना एकेक. एकूण दहा कोअर, बारा थ्रेड. तिथं गुणाकार जुळला नाही म्हणून घाबरू नका.

आता दुसरी छोटी कमांड, एन-प्रोक. एन पी आर ओ सी, सलग.

एनप्रोक

एनप्रोक --ऑल

पहिली सांगते, या घडीला या टर्मिनलला किती सीपीयू वापरायची मुभा आहे. दुसरी सांगते, एकूण किती आहेत. 'ऑल'च्या आधी दोन डॅश आहेत. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर कोअर सापडलेले आहेत, फक्त काही ऑफलाइन आहेत किंवा तुमच्या वाट्याला कमी ठेवलेत. त्यांच्या वाटा वेगळ्या, त्या पुढं सांगतो.

आणि एक गैरसमज इथंच खोडतो. 'टॉप' (चालू प्रोग्राम दाखवणारी कमांड) उघडल्यावर एखादा प्रोग्राम शंभर टक्के दिसतो, बाकी कोअर रिकामे, आणि लोक म्हणतात लिनक्सला एकच कोअर दिसतोय. टॉप चालू असताना १ हे बटण दाबा. प्रत्येक सीपीयूची स्वतंत्र ओळ येते. चारही ओळी दिसत असतील तर लिनक्सचा काही दोष नाही, तो प्रोग्रामच एका वेळी एका कोअरवर काम करणारा आहे. फ्रीकॅडची बरीच कामं अशीच चालतात. चार कोअर असण्याचा फायदा तिथं एवढाच की एक राबत असताना माऊस, पडदा आणि बाकीचं मशीन दुसऱ्यांवर सुखानं चालतं. अण्णांच्या मशीनवर नेमकं हेच होत नव्हतं.

बायोसला विचारा, पण अजून बायोसमध्ये जाऊ नका

सुडो डीएमआयडीकोड -टी प्रोसेसर

डी एम आय, आणि त्याला जोडून डीकोड. बायोसनं मशीनची जी माहिती लिहून ठेवलेली असते ती ही कमांड वाचून दाखवते. त्यात 'कोअर काउंट' आणि 'कोअर एनेबल्ड' अशा दोन ओळी शोधा. काउंट चार आणि एनेबल्ड दोन किंवा एक असेल, तर आकडा बायोसमध्येच घटलाय. लिनक्सला उगाच शिव्या देऊ नका. दोन्ही चार असतील तर बायोसनं माल पुरा सोडलाय आणि गळती पुढं कर्नलमध्ये आहे. काही बोर्ड इथं चुकीचं लिहितात, म्हणून याला शपथपत्र समजू नका, पण रस्ता कुठं वळायचा ते कळायला एवढं पुरतं.

अण्णांकडे दोन्ही ओळींत चार होते.

घट बायोसमध्ये असेल तर

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा. काही कंपन्यांचं एफ-१ किंवा एफ-१० असतं. आत शिरल्या-शिरल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. ही माझी अट समजा. काय बदललं ते आठवत नाही म्हणून रात्री अकराला फोन करणारे फार भेटलेत.

शोधायची नावं प्रत्येक बोर्डावर निराळी असतात: ऍक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स, मल्टी कोअर सपोर्ट, एएमडीवर डाउनकोअर कंट्रोल. यातलं जे असेल ते 'ऑल' किंवा 'ऑटो' वर ठेवा. कोअर बरोबर पण थ्रेड निम्मे दिसत असतील तर हायपर-थ्रेडिंग किंवा एसएमटी (एकाच सोयीची दोन नावं) हे बंद आहे का ते बघा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशीनवर हे बंद केलेलं मी पाहिलंय, का केलं होतं ते विचारायला मूळ मालक सापडत नाही.

काहीच कळलं नाही तर 'लोड डिफॉल्ट्स' आहे, पण त्यानं हार्डडिस्कचा मोडही बदलू शकतो आणि मग लिनक्स उठतच नाही. म्हणून आधी साटा मोड काय आहे ते त्या फोटोत आलंय ना, बघा. बोर्डाच्या मानानं प्रोसेसर नवा असेल तर बायोस अपडेट करावा लागतो, नाहीतर नाही. तो करताना यूपीएस हवाच. वळवाच्या पावसात लाइट कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेला बायोस म्हणजे बोर्ड दुरुस्तीला.

घट कर्नलमध्ये असेल तर

आता मुख्य जागा. कर्नल उठताना जे-जे बोलतो ते ऐकायची कमांड:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय एसएमपी

डीमेसेज म्हणजे डी एम ई एस जी. एसएमपी म्हणजे एकापेक्षा जास्त प्रोसेसर सारख्याच हक्कानं वापरण्याची रीत. लिनक्समध्ये ती १९९६ च्या २.० आवृत्तीपासून आहे, त्यामुळे "लिनक्सला जास्त कोअर झेपत नाहीत" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. उत्तरात 'ब्रॉट अप' असं लिहिलेली ओळ शोधा, तिथं किती सीपीयू उठवले तो आकडा असतो. एखाद्या सीपीयूच्या नावानं 'फेल्ड' दिसलं तर कर्नलनं हाक मारली पण तो उठला नाही, म्हणजे बायोस अपडेटकडे बघायला लागतं. 'हॉटप्लग सीपीयूज' असं काही जास्तीचं दिसलं तर ते नसलेल्या पाहुण्यांसाठी मांडलेली पानं आहेत. चार कोअरच्या मशीनवर आठ पानं मांडलेली दिसली म्हणून चार जण गायब झाले असं नाही.

यापुढची कमांड मी आता सगळ्यात आधी चालवतो:

कॅट /प्रोक/सीएमडीलाइन

कर्नलला सुरू करताना कानात काय सांगितलं होतं, ते ही एक ओळ दाखवते. ताज्या उबंटूवर शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' आणि कधी त्यापुढं 'व्हीटी.हँडऑफ' असतं आणि विषय संपतो. त्याच्या शेजारी दुसरं काही दिसलं की संशय घ्यायचा. हे आरोपी:

*मॅक्ससीपीयूज=१* — इतकेच उठव, बाकी झोपू दे. हे नंतर हातानं उठवता येतात.

*एनआर_सीपीयूज=१* — याहून जास्त आहेत असं समजूच नको. हे नंतर उठवता येत नाहीत, ओळ काढून पुन्हा बूट करणं हाच उपाय.

*नोएसएमपी* आणि *नोलॅपिक* — दोन्हींचा परिणाम एकच सीपीयू. लॅपिक म्हणजे प्रत्येक कोअरच्या दारावरची घंटा. तीच काढली तर बाकीच्यांना उठवायचं कशानं?

*नोएसएमटी* — कोअर तेवढेच, थ्रेड निम्मे. काही लोक सुरक्षेसाठी हे मुद्दाम घालतात, त्यामुळे मशीन दुसऱ्याचं असेल तर विचारून काढा.

*एसीपीआय=ऑफ* — ए सी पी आय. हा सगळ्यात साळसूद.

अण्णांच्या मशीनवर ही कमांड चालवली आणि ओळ आली ती शेवटी 'क्वाएट स्प्लॅश एसीपीआय=ऑफ' अशी. मी खुर्चीत मागं टेकलो. बटण दहा सेकंद दाबून धरायची ती गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली.

त्याचं असं आहे. बोर्डावर कुठले-कुठले सीपीयू आहेत याची यादी बायोस एका तक्त्यात लिहून ठेवतो. त्याला एमएडीटी म्हणतात आणि तो एसीपीआय या कपाटात असतो. एसीपीआय बंद म्हणजे कपाटाला कुलूप. कर्नलला यादीच मिळत नाही. ज्या एका कोअरवर तो स्वतः उठलाय तेवढाच त्याला ठाऊक, म्हणून तो त्याच्यावरच संसार करतो. पूर्वीच्या बोर्डांवर एमपी टेबल नावाची आणखी एक यादी असायची, ती असली तर काम भागायचं, पण पुढं ती मिळेनाशी झाली. आणि मशीनची वीज तोडण्याचं कामही एसीपीआयच करतं. ते बंद असेल तर शटडाउन केल्यावर पडदा काळा होतो, पण पंखा फिरतच राहतो आणि बटण दाबून धरावं लागतं. लॅपटॉप असेल तर बॅटरीचं चिन्हही गायब होतं. कोअर एक आणि यातलं एक लक्षण सोबत असेल तर बाकी तपासणी सोडा, सरळ इथं या.

एक सूचना. नोएपीआयसी नावाचाही एक पर्याय आहे, ए पी आय सी. अक्षरं तीच, क्रम वेगळा, काम वेगळं. तो एकटा असेल तर कोअर सहसा दिसतात. वाचताना घाई करू नका.

काढायचं कसं

आधी तात्पुरतं काढून बघायचं, बिघडलं तरी पुढच्या बूटला सगळं जसंच्या तसं. मशीन चालू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आली की पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा. मजकुराचं पान उघडतं. त्यात 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, बाणांनी तिच्या शेवटाला जा आणि फक्त तो आगाऊ शब्द खोडा. बाकी एका अक्षरालाही हात लावू नका. मग कंट्रोल-एक्स किंवा एफ-१०.

मशीन नीट उठलं, एनप्रोकनं कागदावरचा आकडा दिला, की मगच कायमचं काढा:

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब

त्यात ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स अशी नावं असलेल्या दोन ओळी असतात, एकीच्या शेवटी 'डिफॉल्ट' जोडलेलं. या फाइलमधली ही नावं मोठ्या लिपीत असतात. दोन्ही बघा, शब्द कुठल्याही एकीत असू शकतो. अवतरणचिन्हांच्या आतला तेवढाच शब्द काढा, चिन्हं शाबूत ठेवा. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. आणि मग, जे नवखे हमखास विसरतात:

सुडो अपडेट-ग्रब

ही चालवल्याशिवाय फाइलमधला बदल ग्रबपर्यंत पोचतच नाही. उबंटू, मिंट, डेबियनवर ही कमांड आहे. फेडोरावर याच कामाला ग्रबी नावाचं हत्यार आहे.

पण थांबा. तो शब्द तिथं आला कसा, याचा विचार केल्याशिवाय काढू नका. बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना पडदा काळा पडलेला असतो आणि कुणीतरी कुठंतरी वाचून हा उतारा टाकलेला असतो. काढल्यावर मशीन गोठायला लागलं तर मूळ दुखणं अजून आहे असं समजा. बऱ्याचदा ते ग्राफिक कार्डाचं असतं. मग एसीपीआय=ऑफच्या जागी नोमोडसेट टाकून बघा. तो पडद्यापुरताच लुडबुड करतो, कोअरना हात लावत नाही. तेवढ्यावर मशीन उठलं की कार्डाचा योग्य ड्रायव्हर टाका आणि नोमोडसेटही काढा. अण्णांकडे असलं काही झालं नाही. आधीच्या मालकानं एका जुन्या ग्राफिक कार्डासाठी ही गोळी सुरू केली होती. कार्ड कधीच भंगारात गेलं होतं, गोळी तेवढी चालू राहिली होती.

कोअर नुसतेच ऑफलाइन असतील तर

कर्नलच्या कानात काही सांगितलेलं नाही, तरी ऑफलाइनच्या ओळीत नंबर दिसतायत? ते आधी वाचून घ्या:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/ऑफलाइन

समजा २ आणि ३ आले. तर एकेकाला उठवा:

इको १ | सुडो टी /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू२/ऑनलाइन

इथला 'टी' म्हणजे टी ई ई ही कमांड. नुसतं सुडो इको करून बाणानं (>) फाइलमध्ये लिहायला गेलात तर 'परमिशन डिनाइड' येतं, कारण सुडो फक्त इकोला लागू होतं, बाणाला नाही. सीपीयू० साठी ही फाइल बहुतेक पीसीवर नसतेच, तो कायम जागा असतो. थ्रेड निम्मे असतील तर याच फोल्डरात एसएमटी नावाचा फोल्डर आहे आणि त्यात 'कंट्रोल' नावाची फाइल. ती वाचून 'ऑफ' आलं तर तिच्यात तशाच रीतीनं 'ऑन' लिहिता येतं. 'फोर्सऑफ' आलं तर नाही, पुन्हा वरच्या सीएमडीलाइनकडे.

लॅपटॉप झोपवून उठवल्यावरच कोअर कमी होत असतील तर तो सस्पेंडचा घोळ. झोपताना लिनक्स एक सोडून बाकी सगळे कोअर बंद करतो आणि उठताना पुन्हा चालू करतो. तिथं एखादा अडखळला तर तेवढ्यापुरतं वरच्या कमांडनं काम भागतं, कायमचा इलाज नवा कर्नल किंवा बायोस अपडेट.

व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर

कॉलेजच्या पोरांना हा प्रश्न जास्त येतो. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम), आत उबंटू, आणि "सर, माझ्या रायझनचे सहा कोअर, इथं एकच." आतल्या लिनक्सला तेवढेच दिसतात जेवढे तुम्ही ताटात वाढलेत. मशीन पूर्ण बंद करा, सेव्ह करून ठेवलेलं चालत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, प्रोसेसर, आणि पट्टीवरचा खटका हिरव्या भागापर्यंत सरकवा, लाल भागात नेऊ नका. शेजारच्या पानावर आय-ओ एपिक चालू असायला हवं. विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) असेल तर युझरच्या फोल्डरातल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये 'प्रोसेसर्स' या नावानं मर्यादा घातलीय का बघा. आणि विंडोजच्या एमएस-कॉन्फिगमधला 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' हा आकडा फक्त विंडोजचा आहे. ड्युअल बूटच्या (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या) मशीनवर तो बदलून लिनक्सला फरक पडत नाही, तासभर त्यात घालवू नका.

दोन एनप्रोकची उत्तरं वेगळी आली होती ना?

ती शेवटची वाट. सगळे कोअर हजर, पण तुमच्या प्रोग्रामला कमी. सीएमडीलाइनमध्ये आयसोलसीपीयूज हा शब्द बघा. त्यात दिलेले कोअर बाजूला काढून ठेवलेले असतात, नेहमीचं काम त्यांच्याकडे जात नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागात हा शब्द दिसला तर हात जोडून सांगतो, काढू नका. लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर राउटर किंवा मिलिंग चालवणारे लोक मोटरचे ठोके वेळेवर पडावेत म्हणून एखादा कोअर मुद्दाम राखून ठेवतात. तुम्ही "अरे, एक कोअर रिकामा बसलाय" म्हणून तो मोकळा केलात तर मशीन वेगवान होईल आणि टूल जॉबमध्ये घुसेल. मी एकदा असाच शहाणपणा करणार होतो, ऑपरेटरनं मनगट धरलं.

तो शब्द नसेल तर टास्कसेट ही कमांड, डॉकर किंवा सिस्टमडीच्या (प्रोग्राम सुरू करणारी व्यवस्था) सेटिंगमधली सीपीयू-ऍफिनिटी, यांपैकी कुणीतरी वाटा बांधून दिलेला असतो.

अण्णांच्या मशीनवरून मी दुपारी तो शब्द काढला, ग्रब अपडेट केला, रीस्टार्ट. सिस्टीम मॉनिटरमध्ये चार रंगांच्या चार रेघा, चारही तळाला. अण्णांनी एक मोठं पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग उघडलं, एक रेघ वर गेली, बाकीच्या तिघी तिथंच. माऊस फिरवून बघितला, फिरला. चहा झाला, मी निघालो.

संध्याकाळी सात वाजता पुन्हा फोन. आवाज घाबरलेला.

"अरं, शटडाउन केलं आणि मशीन आपोआपच बंद झालं. मी बटणाला हात बी लावला न्हाई. काय बिघडलं का रं?"